घोडा एकच होता

९ नोव्हेंबर, रविवार

ताजी बातमी, आणि ती पुंडलिकरावांनी स्वतः फोन करून कन्फर्म केलेली: सेवाग्रामच्या मुलीने पोह्यांना नकार दिला, मला नाही.

मुलीचं नाव नंदिनी. वय एकतीस, दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. तिचं म्हणणं असं की पोह्यांच्या प्लेटसमोर तासभर कोणीही चांगलाच वागतो. त्यापेक्षा 'एम्बरलँड' हा डोंगरदऱ्यांतून भटकायचा नवा गेम आठवडाभर रोज संध्याकाळी ऑनलाइन सोबत खेळू, मग ठरवू. पुंडलिकराव म्हणाले, आयुष्य गेलं लग्नं जुळवण्यात, पण मुलाले डोंगरावर नेऊन पाहणारी पोरगी पहिल्यांदा भेटली बाप्पा. तुमाले जमते काय?

मला जमतं काय! मी बारावीपासून गेम खेळतो. बारावी दोनदा झाली, म्हणजे अनुभव इतरांपेक्षा जास्त.

छत्तिसाव्या वर्षी अशी संधी येते ती काही कारणानेच. आई म्हणाली, शेवटचीच आहे, सांभाळून वागजो. आईला बिझनेस कळत नाही. मार्केटमध्ये शेवटचं असं काही नसतं. इन्व्हर्टरच्या दुकानात बसून मी हे रोज बघतो.

संकल्प: पहिल्या मिनिटापासून लीडरशिप. भाषा शुद्ध. पुण्यात दोन वर्षं काढली आहेत, ते जाणवलं पाहिजे.

देवळीच्या मावसभावाला, कुंदनला, फोन केला. तोही बिनलग्नाचा, पण त्याला कारण आहे: तो भोळा आहे. कृषी केंद्रात बियाणं विकतो आणि गिऱ्हाइकाला स्वतःच सांगतो की हे नेऊ नका. त्याने विचारलं, दादा, या गेममध्ये जिंकते कोण? म्हटलं, जो पुढे असतो तो.

१० नोव्हेंबर, सोमवार

गेमबद्दल फर्स्ट इम्प्रेशन: अफाट. गवताळ मैदान संपतच नाही. मागे बर्फाचे डोंगर, खाली नदी, मध्ये पडकी मंदिरं. जे दिसतं तिथे चालत जाता येतं. ग्राफिक्स उत्तम.

मुलीबद्दल फर्स्ट इम्प्रेशन: आवाज छान, स्पीड कमी. नदीकाठी उभी राहून म्हणते, पाहा ना, पाण्यात ढग दिसून राह्यले. मी सांगितलं, ढगाचे पॉइंट मिळत नाहीत.

सुरुवातीलाच एक घोडा सापडला. घोडा एकच होता. मी बसलो, कारण वाट शोधणाऱ्याला उंचावरून दिसलं पाहिजे. ती मागून पळत आली. नंतर म्हणाली, आळीपाळीने बसू का? मी म्हटलं, पुढच्या बुरुजापासून. बुरूज आल्यावर म्हटलं, त्याच्या पुढच्या. ती म्हणाली, बरं.

पेटीत चिलखत मिळालं. तेही मी घातलं. पुढे चालणाऱ्यालाच लागतं. बरं, म्हणाली.

तिचं 'बरं' फार गोड आहे. समजूतदार मुलगी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज लांडगे. नंदिनी पडली. या गेममध्ये जोडीदार पडला की थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात जाऊन त्याला हात द्यायचा. नाही दिला की तो मरतो आणि पार मागच्या मुक्कामापासून चालत येतो. मी जातच होतो, पण शेजारी पेटी होती. पेटी आधी उघडली तर आतलं औषध तिलाच उपयोगी पडेल, असा विचार. पेटीत बाण निघाले. तोवर ती मेली होती.

मी सगळं लॉजिक समजावून सांगितलं. ती म्हणाली, दिसलं मले.

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, तुह्या आईले डेंग्यू झालता तवाही तू अगोदर मोबाईल चार्जिंगले लावलाता.

तो मोबाईल मी अॅम्ब्युलन्सलाच फोन करायला लावला होता. घरात हे कोणी लक्षात ठेवत नाही.

बाकी प्रगती चांगली. दगडी दरवाज्याचं कोडं तिने सोडवलं. लक फॅक्टर. मी तसं बोलून दाखवलं, म्हणजे डोक्यात हवा जायला नको.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पुलगावला दुसरी मुलगी पाहून आलो. यात चुकीचं काही नाही. इन्व्हर्टरवाल्याने बॅकअप ठेवायचा नाही तर कोणी ठेवायचा? पोहे बरे होते. मुलीचे वडील कळवतो म्हणाले.

अडचण गेमची होती. गैरहजेरी वाईट दिसते. म्हणून आईच्या हातात कंट्रोलर दिला आणि लिहून दिल्यासारखं सांगितलं: तंबूजवळ उभी राहा, बटण दाबू नको, माइकवर बोलू नको, म्हणजे मीच आहे असं वाटेल. आई म्हणाली, म्हणजे तू उभा राह्यतोस तशीच उभी राहू काय?

बाबांना घेऊन परतलो तर घरात स्वयंपाक नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आई कानाला हेडफोन लावून टीव्हीसमोर, आणि हसतेय. आमच्याकडे बघून हातानेच थांबा म्हणाली.

नुकसान पुढीलप्रमाणे. माझं चिलखत नंदिनीच्या अंगावर. माझ्या घोड्यावर नंदिनी. आईने दुसरा घोडा धरला, गाजरं चारून, आणि त्याचं नाव ठेवलं चिंधी. दोघींनी मिळून सगळी दलदल पालथी घातली. गेममधल्या भांड्यात गरम रस्सा शिजतोय.

मी विचारलं, माझा घोडा काऊन दिला? शुद्ध भाषा रागात टिकत नाही. आई म्हणाली, पोरगी पायी चालून राह्यली होती, तुले दिसे नाई काय? ड्यूटीवरून थकून येते बिचारी.

बोललीस काय तिच्याशी? बोलली जराशी. माझ्याबद्दल काय म्हणाली? काई विचारलंच नाई तिनं तुह्याबद्दल.

लाजते. सासूजवळ मुली विचारत नाहीत.

आणि मी कुठे गेलो ते? आई म्हणाली, पुलगावले मुलगी पाहायले गेला म्हणून सांगून टाकलं. खोटं बोलता येत नाई मले.

त्यावर ती काय म्हणाली? बरं म्हणाली.

चला. ब्रॉड माइंडेड आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कंट्रोल परत घेतला. तिने आल्या आल्या विचारलं, आज काकू नाई का? मी सांगितलं, काकू कामात आहेत. काकू मागे उभ्या होत्या आणि चिंधीला गाजर दे म्हणून सांगत होत्या.

चिलखत परत मागितलं. तिने काढून दिलं. बदल्यात मी तिला एक टोपी दिली. टोपीला थंडी थांबवायची ताकद नाही, पण दिसते छान.

थोडं भविष्याचं बोललो. मुक्कामाचा स्वयंपाक हे तुझं डिपार्टमेंट, असं हसत हसत सुचवलं. कळणाऱ्याला कळतं. नोकरीचं नंतर बघू म्हटलं. बरं.

मग डोंगर. नकाशा माझ्या डोक्यात पक्का होता. ती म्हणाली, प्रफुलजी, इकडे कडा आहे. मी म्हटलं, रस्ता आहे. कडा होता. घोड्यासकट पडलो.

ती वरून उडी मारून मोकळी झाली नाही. पायवाटेने, एकेक दगड बघत खाली उतरली. त्या टोपीत. वेळ संपता संपता, अर्धी गारठून पोचली आणि मला हात दिला. मी तिच्या जागी असतो तर इतका वेळ घालवला नसता, पण मुलींचं मन वेगळं असतं.

तिच्या मनात काय आहे ते आता उघड आहे. आई मागून म्हणाली, पाह्यलं काय, असा देतात हात. मी म्हटलं, आई, बाजूला हो, स्क्रीन दिसत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नंदिनीचा मेसेज: आज जमणार नाही. थकली असेल. मी समजून घेतलं आणि दुकानात बसून हॉलवाल्याला सहज रेट विचारला. पुंडलिकरावांनाही म्हटलं, माघातले मुहूर्त काढून ठेवा. ते म्हणाले, अगोदर होकार तर येऊ द्या, मंग वाजंत्री पाहू.

घरी लवकर आलो. आई टीव्हीसमोर. माइकवर नंदिनी. दोघी एका तळ्याकाठी घोडे बांधून बसल्या होत्या, काहीही न करता. पॉइंट शून्य. आई तिला वांग्याच्या भरताबद्दल सांगत होती आणि ती विचारत होती, काकू, आता तळ्यावर चंद्र येते, पाहून जाऊ काय?

मी आत आल्याचं कळताच नंदिनी म्हणाली, चला काकू, येते मी.

विचार केल्यावर चित्र स्पष्ट झालं. मुलगी आधीच सासूशी जमवून घेते आहे. आजकाल अशा मुली मिळत नाहीत. कुंदनला फोन करून सांगितलं, कोट शिवून ठेव. तो खूश झाला. म्हणाला, मले मांडवात पाणी वाटाचं काम देजो दादा, ते मले चांगलं जमते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी पुलगावचा नकार. बॅकअपचं टेन्शन गेलं, आता पूर्ण लक्ष एकीकडे.

आज शेवटचा दिवस. या भागाच्या टोकाला एक मोठा दरवाजा आहे. एकाने अलीकडे साखळी ओढून धरायची, दुसऱ्याने आत जायचं. मग आतल्याने तिकडची साखळी धरायची, बाहेरच्याने यायचं. अगदी सोपं.

मी म्हटलं, तू धर. मी आत गेलो. आत काय दृश्य होतं! सोनेरी दरी, आणि समोर पेटी. साखळी धरणारच होतो. पेटी बघून लगेच परत फिरायचं असं ठरवलं होतं. पण पेटीच्या मागे राक्षस होता आणि राक्षसाला माझं प्लॅनिंग माहीत नव्हतं.

मरून परत आलो तेव्हा ती तिथेच उभी होती. अजून साखळी धरून. मी म्हटलं, चल, पुन्हा. या वेळी तर मी नक्की.

ती म्हणाली, नको, झालं. आठवडा झाला. थँक यू. जाता जाता म्हणाली, काकूले सांगा, चिंधीले चारलं मी.

भावुक झाली होती. शेवटचा दिवस म्हटल्यावर होणारच. उद्या होकार. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुंडलिकराव आले. निळा शर्ट घातला होता.

नकार.

कारण विचारलं. ते म्हणाले, मले तर काई समजलं नाई, मुलगी एवढंच म्हणते की घोडा एकच होता. बाबांनाही समजलं नाही. आई उठून आत गेली आणि चहा ठेवला. तिला समजलं असावं. मला अजिबात समजलेलं नाही. घोडे दोन होते. एक चिंधी.

पुढचं पुंडलिकराव जरा अडखळत बोलले. म्हणाले, वहिनी, पोरगी तुमचं मात्र लई नाव काढते. म्हणे, अशी सासू भेटली तर डोळे झाकून हो म्हणन. पण सोबत पोरगा येते ना.

आईने कप खाली ठेवला. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. दुकानात लोक जुन्या बॅटरीकडे बघतात तसं. बदलून द्यायची की ठेवायची.

मग म्हणाली, पुंडलिकराव, इतकी चांगली पोरगी घराण्याच्या बाहेर काऊन जाऊ देता? माह्या बहिणीचा कुंदन आहे ना. बहिणीले काई समजत नाई, सासूचं सगळं मीच पाहीन.

गेमला वन स्टार रिव्ह्यू लिहिला. 'नकाशा मोठा, पण जोडीदार निवडण्याची सिस्टीम सदोष.' एक लाइक आला. तो कुंदनचा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नंदिनीने कळवलं: चालेल, पण अट तीच. आठवडाभर गेम.

कुंदनकडे गेम नाही. माझा जाणार. त्याला खेळता येत नाही. मी शिकवायचं. आई म्हणाली, तुह्यापासून काय करू नये ते तरी शिकन.

तो दुपारी आला. पाहुणा म्हणून आईने त्याला पुरणपोळी केली. मी मनापासून शिकवलं. कंट्रोलर उलटा धरला होता, सरळ करून दिला. घोड्यावर बसवलं, पडला. परत बसवलं, परत पडला. मी सांगितलं, नीट ऐक, घोडा लीडरचा असतो, इम्प्रेशन त्यावरच पडतं. तो म्हणाला, नाई बा दादा, मले भेव लागते. तिलेच बसवतो, मी धरतो लगाम.

आईने त्याला आणखी एक पोळी वाढली.

मग लांडग्यांची प्रॅक्टिस. दुसरा कंट्रोलर घेऊन मी मुद्दाम पडलो, टेस्ट म्हणून. कुंदन सगळं सोडून माझ्याकडे पळत आला. शेजारची पेटी त्याला दिसलीच नाही. या मुलाला गेमसेन्स शून्य आहे.

हे जुळणार नाही. मी लिहून ठेवतो.

उद्याचा प्रोग्राम ठरला. गेम देवळीला. कुंदनच्या टीव्हीवर घोडा आहे की कुत्रा ते कळत नाही, म्हणून आमचा टीव्हीही. आईपण जाणार, आठवडाभर, चिंधीची सवय तिलाच आहे म्हणून. आई जाणार म्हणून बाबा, जेवणाचं काय म्हणून. गाडी माझीच. मागच्या सीटवर टीव्ही आडवा, त्याला धरून आई. पुढे बाबा. चालवणार कुंदन, कारण पाहुण्याला बसने पाठवणं बरं दिसत नाही.

मी विचारलं, मी कुठे बसू?

आई टीव्हीला चादर गुंडाळत होती. म्हणाली, तू पोहोचवून देजो केबलचा डबा मागून. स्टँडपर्यंत पायी जाजो, तिथून एसटी भेटते. पुढच्या खेपेले पाहू गाडीचं.

मी म्हटलं, बरं.