शेजारच्या दाराचं कुलूप

अहो गाडीचे मालक,

चावी फिरेना म्हणून तुम्ही ती इग्निशनमध्ये पकडीने पिळून मोडलीत. बायको दिवसभर लोकांच्या गाड्यांची कुलपं दुरुस्त करते, पण तिला विचारलं तर तुमचं नाक कापलं जाईल ना!

तुकडा काढला आहे. चावी पार झिजलेली होती. तिच्यावरून दुसरी केली असती तर तीही अडकली असती. अशा वेळी आम्ही गाडीचं सगळ्यात कमी वापरलेलं कुलूप खोलतो आणि त्यावरून मूळ मापाची चावी कापतो. माझ्या बाजूच्या दाराचं कुलूप कोरं करकरीत निघालं. निघणारच! माझ्यासाठी ते दार तुम्ही बाहेर उभं राहून कधी उघडलंत? आतूनच हात लांबवून खटका वर करायचा आणि मला जरा उशीर झाला की हॉर्न बडवायचा. तुमचा आळस कामी आला म्हणायचा.

नवी चावी लोण्यासारखी फिरते. त्याच चावीने ते दार उघडून मी सीटवर माझी बॅग ठेवली आहे. मोडकी चावी टेबलावर आहे, ती तुम्हाला. गाडी मी नेते आहे.

हॉर्न वाजवणार नाही. दुपारची झोप होऊ द्या.