परसातली थोरली

जव्हार, कार्तिक वद्य ८, शके १८३५

तीर्थरूप दादाचे चरणी वारूचा शि. सा. न. वि. वि.

दादा, पुन्हा मुलगीच, आणि पुन्हा तसाच ओठ. नाकापर्यंत फाटलेला, आत टाळूलाही चीर. मागच्या खेपेस ग्रहणात मी भोपळा चिरला म्हणून सगळ्यांनी माझ्यावर खापर फोडलं. या खेपेस भाद्रपदातलं ग्रहण सुटेपर्यंत अंधारात हातपाय सरळ ठेवून पडून राहिले, मुंगी चावली तरी खाजवलं नाही. मग हे कशानं?

दूध नाकातून येतं. पोशी सुईण म्हणते, असलं पोर पीत नाही, उगाच गुदमरवू नका. मागं तिचं ऐकलं. थोरली नवव्या दिवशी गेली, परसात मोहाच्या झाडाखाली पुरली. हिला मी चोरून बोटानं थेंब थेंब पाजतेय, पण किती दिवस? आणि दादा, भर दुपारी मोहाखालून रडणं ऐकू येतं. सासूबाई म्हणतात, रानमांजर असेल. मला का मांजर कळत नाही?

जंगलखात्यातला नवशा नाशकास निघालाय, त्याच्या हाती देते. वेळ लावू नकोस.

तुझी वारू

नाशिक, कार्तिक वद्य ११

चि. सौ. वारूस नरहरचे अनेक आशीर्वाद वि. वि.

नवशाला जेवू घालून उलट पावली धाडतोय. वाचता वाचताच उठ, रडणं मागाहून. पोरीला आडवी घेऊ नकोस, मांडीवर बसती धर. दूध पिळून बोंडल्यानं गालाच्या आत थोडं थोडं सोड. नाकातून आलं तर पूस, थांब, पुन्हा पाज. तासभर लागला तर लागू दे.

भोपळ्याचं सगळं थोतांड आहे. आमच्या दवाखान्यात अशी पोरं येतात, डॉक्टर ओठ शिवतात. टाळूचं पुढं, मोठी झाल्यावर. माघापर्यंत अंगानं भरली की घेऊन ये, गुंगीचं औषध देताना मी जवळ असेन. यजमानांना सांग, सबबी नकोत. रडण्याचं म्हणशील तर बाळंतिणीचे कान हळवे असतात.

अक्षर मात्र अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच! खुशाली कळवत जा, जीव टांगणीला लागतो.

दादा

जव्हार, फाल्गुन वद्य ३

तीर्थरूप दादास वारूचा साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो, टाके सुकले. ओठ शिवल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असा सासूबाईंचा हट्ट होता, म्हणून काल बारसं केलं. वन्संनी कानात नाव सांगितलं, मथुरा. आणि हसली रे, अगदी गोड हसली! पोशी पाहून गेली. पदरानं डोळे पुसले.

दादा, बोंडलं आमच्या फडताळात थोरलीच्या वेळीही होतं. तिला ग्रहणानं नेलं नाही, पोशीनंही नाही. चौथ्या दिवशी मीच तिला अंगावरून काढलं. पाच दिवस ती भुकेनं रडली आणि मी कानांवर उशी घेऊन पडले. तू कान हळवे म्हण, काही म्हण, ते रडणं थांबलेलं नाही. मथुरा पोटभर पिऊन निजली की परसात सुरू होतं.

आज वाटीत दूध घेऊन मोहाखाली गेले. हाक मारायला तोंड उघडलं, तर नावच नाही. बारशाच्या आत गेली, कुणी ठेवलंच नाही. इथं कुणापाशी बोलू? नवशा दारात उभा आहे. तू तिचा मामा आहेस ना, एक नाव लिहून पाठव. ती भुकेली आहे, दादा.

तुझी वारू