तळव्यांना मळलेले मोजे

आई,

तुम्ही दोघी गाढ झोपल्या आहात, म्हणून उठवत नाही. कारखान्यात तपासायला शर्टांचा ढीग येऊन पडलाय, आज लवकर निघतेय. ढमीचं दूध तापवून ठेवलंय. तिचं नाक वाहतंय, तिने कितीही लाडीगोडी लावली तरी पाण्यात खेळू देऊ नका. तुमची गुडघ्याची गोळी कपाखाली आहे.

आता एक बोलायचंय. समोर बोलले तर तुम्ही विषय बदलाल. मघाशी तिचे मोजे धुवायला घेतले. रांगणाऱ्या पोरांचे मोजे वरून, बोटांपाशी मळतात. हिचे तळव्यांना काळेकुट्ट झालेत. दिवसभर कपड्यांवरचे डाग शोधणाऱ्या सुनेपासून हे लपवायला निघालात होय? "अजून धड उभीसुद्धा राहत नाही गं," असं रोज सांगताना तुम्ही मान खाली घालून कांदा का चिरायला घेता, ते कळलं. गुडघे अचानक का दुखायला लागले, तेही कळलं.

पहिलं पाऊल मला बघायला मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप, एवढं समजतं मला. पण माझ्यासाठी तिला धरून बसवू नका. चालू दे. रविवारी मी घरी आहे. तेव्हा ती पहिल्यांदा चालेल आणि आपण दोघीही नवलाने तोंडावर हात ठेवू.

फक्त एक विचारते, ती पहिल्यांदा कुणाकडे चालत गेली? तुमच्याकडे आली असेल तर खुशाल सांगा. मला शोधत दाराकडे गेली असेल, तर पुन्हा कांदा चिरायला घ्या.

तुमची सून