पोरांना शाळेत नेलं ती सकाळ

दि. १४ ऑक्टोबर

ति. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. भावजींना माझ्यातर्फे तूच कर, तेवढीच तुझीही कंबर वाकेल.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गुडघा बरा आहे, जिना चढताना तेवढा कुरकुरतो. लेक अजून बसच चालवते. तिचं हसणं अख्ख्या बसला ऐकू जातं. जावई म्हणतात, हिला हॉर्नची गरजच नाही.

तू विचारलंस, "हे गेले, लेक तिच्या संसारात, आता तिथे तुझं कोण आहे?" उत्तर लिहायला बसले की पेन अडतं. म्हणून आधी दुसरंच सांगते. तेव्हा ते पत्रात लिहायची सोय नव्हती. पत्रं कुणी फोडेल अशी धास्ती होती.

हे बोगद्याच्या कामावर आले, एवढं तुला ठाऊक आहे. डोंगरापलीकडचं पाणी या गावात आणायचं होतं आणि खणायला इथली माणसं पुरत नव्हती. म्हणून कुठकुठल्या देशांतून माणसं बोलावली. पत्र्याच्या बराकी, नवरा-बायकोला एक खोली. करार असा, की धुण्या-स्वयंपाकाला बायको चालेल, मूल चालणार नाही. तू म्हणाली होतीस, पोरीला माझ्याकडे ठेव. माझा जीव झाला नाही. तिला पाहुणी म्हणून आणली आणि परत धाडलीच नाही.

सहा वर्षांची पोर दिवसभर खोलीत. खिडकीला ब्लँकेट. चवड्यांवर चालायची. हसू आलं की उशीत तोंड खुपसायची. चौकीदाराचे बूट वाजले की आपणहून पलंगाखाली. मी धुण्याच्या हौदावर आणि सगळं चित्त त्या पलंगाखाली.

शेजारच्या खोलीत एक बाई होती, वेगळ्या देशाची, वेगळ्या भाषेची. दारातून वाकून यावं लागे इतकी उंच. मी तिला 'शिडी' म्हणायचे. अर्थ कळल्यावर रागवायचं सोडून ती त्याच नावाला ओ द्यायला लागली. तिच्याही दोन मुली अशाच लपलेल्या. हिवाळ्यात तिच्या धाकट्या मुलीला ताप चढला, श्वास घेता येईना. शिडीने तिला शालीत गुंडाळलं आणि भरदिवसा, चौकीदाराच्या डोळ्यांदेखत, गावातल्या डॉक्टरकडे नेलं. पोर वाचली. पण शिडीला लगेच हुकूम आला, महिनाअखेर देश सोडा.

त्या संध्याकाळी नळावर शिडी इथल्या भाषेत, मोडकंतोडकं, म्हणाली, "मी जाणारच. तर उघड जाते. उद्या माझ्या मुली शाळेत. तुमची मुलं?"

खोलीवर हे म्हणाले, "वेड लागलंय का? काम जाईल, गाशा गुंडाळावा लागेल."

"आणि पोरीने पलंगाखालीच मोठं व्हायचं?"

सकाळी उठून पाहते तर हे पोरीचे बूट पुसत बसलेले. बूट आणले तसे कोरे होते, पाय तेवढे वाढलेले.

शिडी पुढे, आम्ही मागे. आणि काय सांगू, बराकीच्या एकेका दारातून पोरं निघत गेली! भिंतीला भिंत लावून राहिलो, पण शिडीच्या मुली सोडल्या तर आणखी कुठे मूल आहे याचा आम्हालाही पत्ता नव्हता. रस्त्याने लोक खिडक्यांत येऊन बघत होते. पोर अजून चवड्यांवरच.

"अगं, टाच टेक."

"आवाज होईल, आई."

"होऊ दे."

शाळेच्या दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या, पिकलेल्या केसांच्या, कडक चेहऱ्याच्या. शिडीने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "ही मुलं इथेच राहतात."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं. ऊन न लागलेले ते चेहरे पाहून त्या काय समजायचं ते समजल्या. दारातून बाजूला झाल्या. "आत या. दाटीवाटीने बसा."

पोलीस आले तेव्हा त्यांना म्हणाल्या, "शाळा भरली आहे. सुटल्यावर या." ते सुटल्यावर आले, तोवर गावातल्या आया आपली मुलं न्यायला जमलेल्या. डॉक्टरांच्या बायकोने माझ्या पोरीचा हात धरला आणि पोलिसांसमोरून आमच्याबरोबर बराकीपर्यंत चालत आली. तिचं बघून आणखी काही जणी निघाल्या.

पुरुषांनी तो आठवडा बोगद्यात पाऊल ठेवलं नाही. वर्तमानपत्रांत आलं, देशभर वाद झाले. शिव्याही खाल्ल्या, खोटं कशाला सांगू? पण पुढे कायदा बदलला. या देशात राहणारं प्रत्येक मूल शाळेत जाणार, आईबापांचे कागद काहीही म्हणोत. आणि ताई, पोरं लपवायला लावणं ही आमची चूक होती, असं इथल्या सरकारने भर सभागृहात कबूल केलं. तुझ्या-माझ्या घरात साधं 'चुकलं' म्हणायला माणसं वर्षं लावतात!

शिडीला तो दिवस दिसला नाही. महिनाअखेरीस तिला गाडीत बसवलं. माझ्याकडून शिकलेला एकच शब्द ती म्हणाली, "येते." पुन्हा आली नाही, पत्ताही कळला नाही. एवढी छाती असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता तिकडे कुठे लढाई चालली आहे, तिथून नवी कुटुंबं आली आहेत. रोज सकाळी मी शाळेच्या दाराशी थांबते. नव्या आयांना मुलाचा हात सोडवत नाही. मी खुणांनी सांगते, सोड, काही होत नाही. शाळेने मला खुर्ची दिली आहे, पण बसायला सवड कुठे?

तर माझं इथे कोण आहे, ते हे. गेल्या सोमवारी मी इथलं नागरिकत्व घेतलं. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. माझ्यासाठी वरची खोली रंगवून घेतलीस, ती माझ्या भाचीला दे. ह्यांनी खणलेल्या बोगद्याचं पाणी रोज नळाला येतं. ते सोडून माझ्याने निघवत नाही.

भांड, हवं तितकं भांड. पण पत्रातून भांड, अबोला धरू नकोस.

दोन वर्षांत परत येते म्हणून निघालेली,
तुझी धाकटी