माझ्या डोक्यातलं पाणी आणि आपला तह

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? लाउडस्पीकरचे खोके उचलताना कमरेतून वाकत जाऊ नकोस. (हे मी साडेबारा वर्षांपूर्वीही सांगितलं होतं. तेव्हा आपलं बोलणं होतं.) इकडे सगळं ठीक, मी तर इतका ठीक आहे की घरचे काळजीत पडलेत.

गेलं दीड वर्ष माझ्या मेंदूत पाणी साचत होतं, हे तुला ठाऊक आहेच. पाय जमिनीला चिकटायचे. घरात शिरताना दारातच असा थबकून राहायचो, जणू घर पसंत नाही. सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळी द्यायचो, आणि तेही गोड. छापखान्यात मुद्रितं तपासायला आली की प्रत्येक पानावर ‘उत्तम’ असा शेरा मारून मोकळा. त्या काळात एका लेखकाने मला चक्क पुस्तक अर्पण केलं. (कुठलं ते विचारू नकोस. अर्पणपत्रिकेतच चार चुका आहेत, आणि त्या मीच पास केल्यात.)

मग शस्त्रक्रिया झाली. कानामागे कातडीखाली एक झडप, तिथून बारीक नळी मानेतून थेट पोटात. गच्चीवरची टाकी भरून वाहू नये म्हणून करतात तीच व्यवस्था. पाणी किती सोडायचं ते डॉक्टरीणबाई बाहेरून लोहचुंबक धरून ठरवतात. शस्त्रक्रियेआधी त्यांनी मला कागदावर घड्याळ काढायला लावलं होतं, तेव्हा मी बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले होते. या खेपेला झकास काढलं, वर त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे हेही दाखवून दिलं. तुझ्या वहिनीने कपाळाला हात लावला. म्हणाली, “झालं! आले परत.”

पुढच्या तपासणीला मला बाहेर बसवून मायलेकी आत गेल्या. (दार नीट लागत नाही तिथलं.) झडप एक आकडा मागे घेता येईल का, अशी त्यांची चौकशी चालली होती. पाय चालू द्यात, बाई, फक्त जीभ जरा आजारपणातल्यासारखी गोड राहू द्या. बाईंनी सांगितलं की अशी वेगळी सोय नाही.

आता मूळ मुद्दा. डोकं ताळ्यावर येऊन पाहतो तो दर रविवारी तू माझ्या घरात! माझी दाढी करतोस, माझ्याशी पत्ते खेळतोस. कोणाच्या परवानगीने, असं विचारलं तर वहिनी म्हणते, तुमच्याच. मला त्यातलं काही आठवत नाही. भांडण मात्र लख्ख आठवतं. बाबांच्या शोकसभेत मी बोलत असताना चाळिसाव्या मिनिटाला तू माइक बंद केलास. मी बाबांच्या शाळेपर्यंतच पोचलो होतो रे!

म्हणून गेले तीन रविवार तू आलास की मी झोपेचं सोंग घेतलं. परवा तू दारातूनच परत गेलास, आणि आता यायचं की नाही, असं मुलीजवळ विचारून गेलास. तर उत्तर असं: तो तह रद्द समजावा. डोक्यात पाणी असताना दिलेला शब्द कुठल्याही कचेरीत ग्राह्य धरत नाहीत.

तुझा (पूर्ण शुद्धीतला)
थोरला

ता. क. : दीड वर्ष पत्त्यांत मी सतत जिंकत होतो म्हणे. म्हणजे तू मुद्दाम हरत होतास. हा अपमान मी तसाच सोडणार नाही. रविवारी चार वाजता ये आणि खरं खेळ. अजून मला एका वेळी दोन कामं जमत नाहीत; पत्ते हातात धरले की बोलणं बंद पडतं. (तुझे माइक बंद करायचे कष्ट वाचले.) वस्तराही आण. माझा हात अजून हनुवटीपाशी चुकतो.

पुन्हा ता. क. : हे पत्र वहिनीने वाचलं आणि तह कसा झाला ते आत्ता सांगितलं. तिनेच तुला बोलावून घेतलं होतं. तू दारात उभा होतास. मी माझ्या त्या वेळच्या चालीने बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिलो आणि विचारलं, “इतका उशीर?” तू म्हणालास, “रस्त्यात गर्दी होती, दादा.”

अकरा वर्षांची गर्दी! तासभर शाबूत डोक्याने बसून पाहिलं, मला यात काही दुरुस्ती सुचत नाही. शेरा: उत्तम. या वेळी वाचून मारलाय.