लोखंडी खलबत्त्यातली साल

बाबा, पुण्याहून पौर्णिमाचा जयभीम.

फोनवर आई बाजूलेच बसून असते, म्हणून हे पत्र लिहून राह्यली. वाचून झालं की चुलीत टाकजा.

माही तब्येत बरी आहे. मेसमध्ये जेवण गरम मिळते. तुमचा गुडघा कसा आहे?

आपल्या वावराच्या धुऱ्यावरच्या बाभळीची साल तुम्ही माह्या संशोधनासाठी वर्षभर, दर ऋतूची वेगळी जपून ठेवली. मले कुटाचा त्रास नको म्हणून दिवाळीत आईनं ती सगळी कुटून देली, आपल्या लोखंडी खलबत्त्यात. बाबा, सालीत तुरट द्रव्यं असतात, आम्ही त्यांले पॉलिफेनॉल म्हणतो. त्यात लोखंडाचे कण मिसळले की ओली होताच ती काळी पडतात. प्रयोगशाळेत काचेच्या उभ्या नळीतून एकेक द्रव्य वेगळं होऊन खाली उतराले पाहिजे होतं. चारही वेळा वरच काळा गाळ बसून राह्यला. महिनाभर मी नळीलेच दोष देत होती.

सर रागावले नाईत. एवढंच म्हणाले, "फेलोशिप मार्चमध्ये संपते, पुढे माझ्या हातात काही नाही." नव्या सालीले पुन्हा एक वर्ष लागते, आन् आपली बाभूळ तर रस्ता रुंद करताना गेली.

आई विचारते, "मी कुटलेल्या पावडरीतून काय निघालं?" मी सांगते, लय काही निघालं. तुम्हीबी तेच सांगजा.

शेजारच्या धुऱ्यावरची साल आणून तिनं परत कुटाले घेतली म्हणे. कुटू द्या तिले.

तुमची,
पौर्णिमा