मालविका एडिनबराला निघाली असताना केलेली निरवानिरव

मी, श्रीमती वीणा पुरुषोत्तम टिपणीस, वय सत्त्याहत्तर, राहणार ईलिंग, लंडन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शेजारी बसून कोणी काही सांगत नाही. गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण बुद्धी जागेवर आहे. आमच्या सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या दवाखान्यातल्या, डॉक्टरीणबाईंनी मागच्याच महिन्यात माझ्याकडून आकडे उलटे म्हणवून घेतले आणि तसे पत्र दिले, ते सोबत जोडले आहे. मृत्युपत्र मराठीत असले तरी चालते, फक्त नंतर भाषांतर करून घ्यावे लागेल, असे सॉलिसिटरने सांगितले. तो खर्च माझ्या मिळकतीतून करावा. जे सांगायचे आहे ते मला इंग्रजीत नीट सांगता आले नसते. कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात जन्मभर इंग्रजीत पत्रे लिहिली, पण ती लोकांच्या घरांबद्दल होती.

यापूर्वी मी आणि माझे यजमान कै. पुरुषोत्तम यांनी मिळून केलेले मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात हे घर आमचा एकुलता एक मुलगा चि. अतुल याला द्यायचे ठरले होते.

१. घर

ईलिंगचे हे राहते घर, मागच्या बागेसह आणि बागेतल्या शेडसह, मी माझी सून मालविका हिला देते. कायद्याने ती आता माझी सून नाही. तिचा आणि अतुलचा घटस्फोट होऊन सहा वर्षे झाली आणि तिने तिचे माहेरचे नाव, मालविका रमेश देवधर, परत लावले आहे. मला तिच्यासाठी दुसरा शब्द सापडत नाही, म्हणून मी सूनच लिहिते. कोर्टाला अडचण वाटली तर त्यांनी वरचे पूर्ण नाव वाचावे.

अतुल मँचेस्टरला गेला तेव्हा मालविका फ्लॅट शोधेपर्यंत वरच्या खोलीत राहणार होती. तेवढ्यात लॉकडाउन आला. नातीला तेव्हा अतुलकडेच ठेवले होते. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे काम करते. त्या दिवसांत ती घरी आली की शेडमध्ये कपडे बदलायची आणि मागच्या दाराने थेट वर जायची. मी जेवणाचे ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायची, आणि ती वरून, मी खालून, अशा आम्ही गप्पा मारायचो. सगळे उघडल्यावर फ्लॅटचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही.

आता तिच्या खेळाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण घराचा प्रश्न त्यातूनच निघाला. मालविका अमेरिकन फुटबॉल खेळते. तो पायाने खेळायचा नसतो. लांबट चेंडू हाताने फेकायचा असतो, आणि अंगावर चिलखतासारखे पॅड आणि डोक्यावर हेल्मेट घालून बाकीच्या बाया एकमेकींना आडव्या करतात. जिने चेंडू हातात घेऊन, कोणाकडे फेकायचा ते ठरवून, स्वतः आडवे व्हायच्या आत फेकायचा असतो तिला क्वार्टरबॅक म्हणतात. आमची मालविका क्वार्टरबॅक. माझी नात तनिषा नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा मालविका लेस्टरच्या एका मैत्रिणीच्या नादाने मैदानावर गेली आणि आजतागायत तिथेच आहे. पैसे कोणी देत नाही. उलट बसचे भाडेही खेळणाऱ्यांनीच भरायचे.

या वर्षी ती बेचाळीस वर्षांची झाली. हेरन्स हा तिचा क्लब. सीझन संपल्यावर तिथल्या कोचने तिला बाजूला घेऊन सांगितले की पुढच्या वर्षी एका तेवीस वर्षांच्या मुलीला क्वार्टरबॅक करायचे ठरले आहे, मालविकाने हवे तर मुलींना शिकवावे. त्या मुलीला चेंडू धरायला मालविकानेच शिकवले होते. त्या दिवशी घरी येऊन तिने शांतपणे आंघोळ केली, जेवली, आणि मग उजवा हात टेबलावर पसरून बराच वेळ त्याकडे बघत बसली.

मग ती पुढच्या वर्षी कुठे खेळणार, यावर सगळ्यांची मते आली. तनिषा म्हणाली, लंडनमध्ये आणखी क्लब आहेत, राखीव म्हणून कोणीही घेईल. अतुलने फोनवर मला सांगितले की आता तरी तिला पुरे म्हणा, खांदा एकदा निखळलेला आहे. माझे दीर रघुवीर यांनी एजवेअरहून खास फोन करून विचारले की हे वय बॅडमिंटनचे नव्हे काय. मी मनातल्या मनात अतुलच्या बाजूची होते, हेही लिहून ठेवते.

सप्टेंबरात एडिनबराहून फोन आला. तिथल्या गॅनेट्स नावाच्या क्लबची कोच, मोराग म्हणून बाई, मालविकाला अनेक वर्षे समोरच्या संघातून बघत आलेली. त्यांची क्वार्टरबॅक बाळंतपणासाठी थांबली होती. तू ये, ट्रायल दे, असे मोराग म्हणत होती. शिवाय तिथल्या हॉस्पिटलांत मालविकाच्या कामाच्या जागा होत्या. मालविका पोळ्या भाजत होती म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे सगळे माझ्या कानावर पडले. मालविकाने सांगितले की घरी माझ्या सासूबाई एकट्या आहेत, त्यांना सोडून मला येता येणार नाही.

मला त्याचा राग आला. लोकांना वाटेल की मला बरे वाटले असेल. पण माझ्यामुळे कोणी काही सोडावे आणि ते मला न विचारता सोडावे, हे मला लागले. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतेच बोलले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला समोर बसवले.

मी विचारले, “माझं नाव का पुढे केलंस?”

मालविकाचा जन्म इथला. तिच्या मराठीत लिंगांचा घोळ असतो आणि तो दुरुस्त करणे मी कधीच सोडून दिले आहे. ती आधी म्हणाली की तुमचे गुडघे, तुमचे जिने. मी ऐकून घेतले. मग ती थांबली आणि म्हणाली, “आई, तुमच्यामुळे नाही. मला भीती वाटतो. इथे मी वाईट खेळली तरी लोकांना माहिती आहे मी आधी कशी होती. तिकडे मी फक्त एक म्हातारी बाई.”

इतकी वर्षे मी तिला रक्ताळलेल्या कोपरांनी घरी येताना पाहिले होते. भीती हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता, घटस्फोटाच्या वेळीसुद्धा नाही.

मी म्हणाले, “मग भीती वाटते म्हणून नाही म्हण. ते चालेल मला. माझ्यावर ढकलू नकोस. मी माझी औषधं अजून स्वतः आणते.”

ती हसली नाही. उठून भांडी घासायला लागली. पण आठवड्याने तिने मोरागला फोन केला, आणि मी सोबत येणार हे मी परस्पर ठरवले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही किंग्ज क्रॉसहून ट्रेनने गेलो. मैदान लीथच्या बाजूला, समुद्राजवळ. वारा असा की माझी शाल दोनदा कुंपणाला जाऊन अडकली. बाकीच्या मुली तनिषापेक्षा फार मोठ्या नसतील. मालविकाचे पहिले चेंडू वाऱ्याने भलतीकडे नेले. एक तर प्रेक्षकांत, म्हणजे माझ्याकडे आला. दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या ते मी पाहिले. मग एका दांडगट मुलीने तिला उचलून जमिनीवर आदळले, त्याच खांद्यावर. मी खुर्चीवरून उठले. 

ती पडूनच राहिली, मला फार वेळ वाटला. मग गुडघ्यावर आली, उभी राहिली, खांदा फिरवून बघितला आणि मुलींना जवळ बोलावून काहीतरी सांगितले. त्यानंतर तिने लांब फेकणे बंद केले. आखूड, खालून जाणारे चेंडू, वाऱ्याला सापडणार नाहीत असे. ज्या मुली हसल्या होत्या त्यांच्याच हातात ती एकामागून एक चेंडू देत गेली आणि त्या धावत सुटल्या. थोड्या वेळाने त्या तिला विचारायला लागल्या की आता मी कुठे उभी राहू.

मोरागने खोटी आशा दाखवली नाही. ती म्हणाली की संघात तुझी जागा नक्की, पण आमची मुलगी बाळंतपणानंतर परत आली तर दोघींत जी चांगली ती खेळेल. मालविकाने होकारार्थी मान डोलावली. ट्रेनमध्ये खांद्याला बर्फाची पिशवी बांधून ती न्यूकॅसल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “मी जाते, आई.” मी म्हणाले, “जा.” तिला तिथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आहे. जानेवारीत ती निघेल.

आता घराचे कारण. दिवाळीला आम्ही रघुवीरभाऊजींकडे एजवेअरला जमलो. मालविका ड्यूटीवर होती. भाऊजी सगळ्यांसमोर मला म्हणाले, “बरं झालं, चालली ती. इतकी वर्षं भाडं न देता राहिली, तुमची सेवा केली, फिटंफाट. आता घराचा प्रश्न उरला नाही.” मी चकली खात होते, ती खाऊन संपवली. दुसऱ्या दिवशी सॉलिसिटरला फोन केला.

मालविका इथे असताना मी घर तिच्या नावे केले असते तर लोक म्हणाले असते की म्हातारीने तिला राहण्याची लाच दिली. ती शेवटपर्यंत इथेच राहिली असती आणि मग घर तिला मिळाले असते तर म्हणाले असते की तिने राहून मिळवले. म्हणून ती तिचे कपडे खोक्यांत भरत असताना मी हे लिहीत आहे. तिने माझ्याजवळ राहावे, परत यावे, पुन्हा लग्न करावे किंवा करू नये, खेळावे किंवा थांबावे, अशी कोणतीही अट या देण्याला नाही. तिने घर विकून एडिनबरात घेतले तरी माझी हरकत नाही. हे तिला माझ्या माघारीच कळावे. आत्ता कळले तर ती जाणार नाही.

२. अतुल

अतुलने घर घेतले तेव्हा त्याचा वाटा आम्ही त्याला दिलेला आहे, म्हणून या घरात त्याला हिस्सा नाही. त्याच्या वडिलांची ड्रॉइंगची पेटी, त्यांचे घड्याळ आणि अलॉटमेंटवरची, म्हणजे कौन्सिलकडून भाजी लावायला घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावरची, सगळी अवजारे, फावडे, दाताळे, कात्र्या, मी त्याला देते. मँचेस्टरला त्याच्याकडे बाग आहे. फावड्याचा दांडा त्यांनी स्वतः बसवला होता, तो बदलू नये.

अतुल, तुझे लग्न टिकले नाही याचा दोष मी तुला कधी दिला नाही आणि आज घर दुसरीकडे जाते आहे ती शिक्षा नव्हे. तू दर रविवारी फोन करतोस. लाइन लागायच्या आधीपासून मी फोनजवळ बसलेली असते, हे तुला माहीत नसेल.

३. तनिषा

माझ्या पाटल्या, मोहनमाळ आणि बँकेतली शिल्लक तनिषाची. ती शेफिल्डला इंजिनिअरिंग शिकते आहे. दागिने तिने घालावेत, मोडावेत किंवा त्यातून लॅपटॉप घ्यावा. नुसते कपाटात ठेवू नयेत.

४. रघुवीरभाऊजी

माझी ॲल्युमिनियमची शिडी भाऊजींनी गटर साफ करायला नेली ती त्यांच्याकडेच आहे. ती त्यांच्याकडे राहू द्यावी. याहून अधिक मी त्यांना काही ठेवत नाही. तरी यजमानांच्या शेवटच्या आजारात ते रोज दोन बस बदलून ईलिंगला येत आणि त्यांची दाढी करून देत, हेही या कागदावर असावे.

५. शैला आणि इतर

माझी मैत्रीण शैला हिला या मृत्युपत्रात काहीही नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला इथल्या कायद्याने काही मिळत नाही. म्हणून तिला आवडणारी जांभळी पैठणी मी परवाच तिच्या हातात दिली. आधी नको म्हणाली, मग पिशवी मागितली. मोठी पातेली आणि पुरणयंत्र इथल्या महाराष्ट्र मंडळाला द्यावे.

६. व्यवस्था

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अतुल आणि मालविका या दोघांनी मिळून करावी. सॉलिसिटरने भुवया उंचावल्या. पण सप्टेंबरात तनिषाला युनिव्हर्सिटीत सोडायला दोघे एकाच गाडीतून गेले होते आणि परत येताना वाटेत चहाला थांबले होते. त्यांना हे जमेल.

७. माझे अंत्यविधी

विद्युतदाहिनी, थोडक्यात विधी, भाषणे नकोत. इथे तारीख मिळायला तसेही दोन-तीन आठवडे लागतात. तारीख घेताना आधी मालविकाला विचारावे. तिच्या मॅचच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी ती घेऊ नये. बातमी कळल्यावर ती सगळे टाकून निघेल, म्हणून अतुल, तू तिला सांग की आईने लिहून ठेवले आहे, आधी मॅच खेळ. ती राखीव म्हणून बाकावर बसणार असेल तरीही हेच सांग. मला काही घाई नसेल.

वरील मजकूर मी पुन्हा एकदा वाचला. तो माझ्या मनातलाच आहे. खाली साक्षीदारांच्या देखत सही करते. दोघी आत्ता समोर बसल्या आहेत आणि चहा निवतो आहे.

सही: वीणा पुरुषोत्तम टिपणीस

आम्हा दोघींच्या समक्ष वीणाताईंनी वर सही केली आणि त्यांच्या व एकमेकींच्या समक्ष आम्ही खाली सह्या केल्या.

साक्षीदार १: शैला मधुसूदन राजाध्यक्ष, निवृत्त शिक्षिका, ईलिंग
साक्षीदार २: अक्षया शार्दूल गद्रे, सॉफ्टवेअर इंजिनिअर, समोरच्या घरात राहणार, ईलिंग

स्थळ: ईलिंग, लंडन
दिनांक: २९ नोव्हेंबर २०२५